मानेच्या स्नायूंना दोष देऊ नका, ते मदतीला धावून आलेत

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील ६८ वर्षांचे. पस्तीस वर्षं विडी ओढली, चार वर्षांपूर्वी सोडली. सीओपीडीचं, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन हवा नीट बाहेर न पडण्याच्या आजाराचं, निदान झालंय, इन्हेलर नियमित चालू आहे. सपाट रस्त्यावर हळूहळू नाक्यापर्यंत जाऊन येतात, पण अंघोळ करताना, डोक्यावरून सदरा घालताना, दाढी करताना मात्र धाप लागते. श्वास घेताना खांदे वर जातात, मानेवरच्या दोऱ्या ताठ दिसतात. कोणीतरी सांगितलं की हा चुकीचा श्वास आहे, पोटाने घ्यायला शिकवा. तसं करायला गेलं की दम वाढतो. म्हणून तुम्ही विचारता आहात की मानेने श्वास घ्यायची ही सवय मोडायची कशी आणि श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू, कमजोर झालं असेल तर ते मजबूत करायचं कसं.

छातीच्या रुग्णांची फिजिओथेरपी करायला लागून मला बावीस वर्षं झाली. हा प्रश्न महिन्यातून दोनतीनदा तरी कोणाचा मुलगा, कोणाची सून विचारतेच. माझं उत्तर आधी सांगते आणि मग कारणं देते. ती सवय मोडायला जाऊ नका, कारण ती सवय नाहीच. आणि वडिलांचा त्रास श्वास आत घेताना दिसत असला तरी त्याचं मूळ श्वास बाहेर सोडण्यात आहे.

वडिलांना मी तपासलेलं नाही. त्यांचा आजार कितपत पुढे गेलाय, वजन घटलंय का, स्टेरॉइडच्या गोळ्या किती काळ घेतल्या, हृदयाचं काही आहे का, यावर बरंच अवलंबून असतं. जिथे उत्तर त्यामुळे बदलेल तिथे तसं सांगेन.

निरोगी माणसाचा श्वास कसा चालतो ते आधी पाहू. फुफ्फुसाला स्वतःहून फुगता येत नाही. लोहाराच्या भात्याचं चामडं जसं आपण होऊन हलत नाही, कोणीतरी दांडा ओढावा लागतो, तसं फुफ्फुसाला बाहेरून कोणीतरी ताणावं लागतं. हे काम सर्वांत जास्त करतं ते श्वासपटल. शाळेच्या पुस्तकात ते छाती आणि पोट यांच्यामधला सपाट पडदा असल्यासारखं काढलेलं असतं. त्या चित्राने बराच घोळ होतो. प्रत्यक्षात ते पालथ्या घातलेल्या खोलगट वाडग्यासारखं आहे. उजवी बाजू डावीपेक्षा थोडी उंच, कारण तिच्याखाली यकृत आहे. वाडग्याची कड खालच्या बरगड्यांना, छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाला आणि मागे कमरेच्या मणक्यांना चिकटलेली. वरचा घुमट मधोमध स्नायूचा नसून चिवट पांढऱ्या पापुद्र्याचा असतो आणि सगळे स्नायूतंतू कडेकडून चढत त्याला जाऊन मिळतात.

हे तंतू आखडले की घुमट खाली ओढला जातो. शांत बसलेलं असताना साधारण १ ते २ सेंटीमीटर, खोल श्वासात ७ ते १० सेंटीमीटरपर्यंत. तेवढ्याने छातीतली जागा वाढते आणि सुमारे अर्धा लिटर हवा आत येते. यासाठी फुफ्फुसाच्या हवापिशव्यांतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा फार कमी व्हावा लागत नाही. स्ट्रॉने पाणी जेमतेम १ सेंटीमीटर वर ओढायला जेवढी ओढ लागते, तेवढी पुरते. घुमट खाली येतो तेव्हा त्याच्याखालची आतडी, जठर, यकृत यांना जागा हवी म्हणून पोट पुढे येतं. पोटाने श्वास घेणं म्हणतात ते एवढंच. पोटात हवा जात नाही.

श्वासपटलाचं आणखी एक काम आहे, आणि ते वडिलांच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे. दोन्ही तळवे स्वतःच्या सर्वांत खालच्या बरगड्यांवर, बाजूला ठेवा आणि जरा मोठा श्वास घ्या. हात बाहेरच्या बाजूला सरकतील. याचं कारण असं की वाडग्याची उभी भिंत खालच्या बरगड्यांना आतून लागून असते आणि तिचे तंतू उभे असतात. ते आखडतात तेव्हा घुमट खाली येतोच, पण पोटातल्या अवयवांचा आधार घेऊन ते बरगड्यांनाही वर उचलतात. बादलीची पडलेली कडी उचलली की ती वर येता येता बाजूलाही जाते, तशा या बरगड्या बाहेर उघडतात.

बरगड्यांच्या मधल्या फटींमध्ये स्नायूंचे पातळ थर आहेत. बाहेरच्या थराचे तंतू तिरपे असतात आणि ते बरगड्या वर उचलायला मदत करतात, आतले बरेचसे तंतू जोराने श्वास सोडताना कामी येतात. वरच्या बरगड्यांची हालचाल मात्र बादलीच्या कडीसारखी नसते, ती हापशीच्या दांड्यासारखी असते. छातीचं मधलं हाड पुढे आणि वर येतं.

आता मानेबद्दल. मानेत बाजूला, खोलवर, स्केलीन नावाचे स्नायू आहेत. मानेच्या मणक्यांपासून निघून ते पहिल्या दोन बरगड्यांना धरतात. पूर्वी समजूत होती की हे फक्त अडचणीच्या वेळी श्वासाला मदत करतात. पण स्नायूंतले विद्युतसंकेत मोजल्यावर दिसलं की निरोगी माणसाच्या अगदी शांत श्वासातही ते दर वेळी काम करतात. तुम्ही हे वाचत असताना तुमचेही करताहेत. म्हणजे मानेने श्वास घेणं मुळात चूक नाही. कानामागच्या हाडापासून छातीच्या वरच्या टोकापर्यंत येणारी जी जाड दोरी वडिलांच्या मानेवर दिसते, तो स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. हा मात्र शांत श्वासात गप्प असतो. तीन जिने पळत चढलं की तो तुमच्याही मानेवर दिसेल. वडिलांच्या मानेवर तो बसल्या जागी दिसतो, म्हणजे त्यांच्या शरीराला बसल्या जागी जिने चढावे लागताहेत.

आणि श्वास सोडायचा स्नायू कोणता? शांत असताना कोणताच नाही. ताणलेलं फुफ्फुस रबरासारखं आपोआप आक्रसतं आणि हवा बाहेर जाते. जोर लावायची वेळ आली, खोकायचं असलं, शंख किंवा सनई फुंकायची असली, की पोटाचे स्नायू पुढे येतात. ते पोटाला आत दाबतात आणि त्यामुळे श्वासपटल वर ढकललं जातं. आमच्या गावाकडच्या बायका फुंकणीने चूल पेटवताना पोट कसं आत जातं ते आठवून पाहा. त्यांतल्या कितीतरी जणी त्याच चुलीच्या धुराने पुढे माझ्याकडे रुग्ण म्हणून येतात, आयुष्यात एकही विडी न ओढता. त्यांचं दुःख मला जास्त लागतं, कारण त्यांच्या धापेला घरात बरीच वर्षं कोणी आजार समजतच नाही.

सीओपीडीत पहिलं बिघडतं ते हे आपोआप सोडणं. फुफ्फुसाचं रबर सैल पडतं. बारीक श्वासनलिकांना बाहेरून ताणून उघडं ठेवणाऱ्या भिंती नष्ट होतात, त्यामुळे श्वास सोडताना त्या मिटू लागतात. आतली हवा पूर्ण बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास घ्यायची वेळ होते. मग उरलेल्या हवेवर नवी हवा, तिच्यावर आणखी नवी. भरल्या पोत्यात आणखी धान्य कोंबावं तशी छाती कायम अर्धीअधिक भरलेली राहते. अशी भरलेली छाती श्वासपटलाला खाली दाबून ठेवते आणि पालथ्या वाडग्याची परात होते.

त्याने काय नुकसान होतं ते हातावर करून पाहा. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि तसंच ठेवून मूठ घट्ट आवळा. आवळता येत नाही. तुमच्या बोटांचे स्नायू काही अशक्त झाले नाहीत, मनगट वाकवल्याने ते आधीच आखूड झालेत आणि आखूड झालेल्या स्नायूला आणखी आखडायला वाव नसतो. वडिलांचं श्वासपटल दिवसाचे चोवीस तास अशा वाकवलेल्या मनगटासारखं आहे. त्यात भर म्हणजे बरगड्यांना आतून लागून असलेली ती उभी भिंत उरत नाही. तंतू आडवे होतात. मग ते आखडले की बरगड्या बाहेर उघडण्याऐवजी आत ओढल्या जातात. हे लक्षण हूवर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९२० साली वर्णन केलं आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. वडिलांना सदरा काढून बसवा आणि श्वास घेताना खालच्या बरगड्यांची कड पाहा. ती आत जात असेल तर श्वासपटल चांगलंच सपाट झालंय असं समजा.

मग ते कमजोर आहे का? बहुतेक वेळा तुम्ही समजता त्या अर्थाने नाही. फुफ्फुस जेवढं फुगलेलं आहे तेवढंच फुगवून निरोगी माणसाच्या श्वासपटलाशी तुलना केली, तर या रुग्णांचं श्वासपटल कमी पडत नाही. उलट वर्षानुवर्षं जास्त भार उचलून त्याच्यात लवकर न थकणाऱ्या, संथ तंतूंचं प्रमाण वाढतं. बाजार समितीत पोती वाहणाऱ्या हमालाच्या पायांसारखं ते चिवट झालेलं असतं. त्याला जागा नाही, एवढीच त्याची अडचण. अपवाद आहेत. वजन खूप उतरलं असेल, स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ चालू असतील किंवा व्हेंटिलेटरवर राहावं लागलं असेल, तर स्नायू खरोखर झिजतो. व्हेंटिलेटरवर पूर्ण निष्क्रिय पडलेलं श्वासपटल दोनतीन दिवसांतसुद्धा रोडावू लागतं.

इथवरचा मुद्दा थोडक्यात सांगायचा तर हवा अडकली, वाडग्याची परात झाली, खालून बरगड्या उघडणं बंद पडलं. छाती मोठी करायला एकच दिशा उरली, ती वरची. त्या दिशेने ओढणारे स्नायू मानेत आणि खांद्यात आहेत, म्हणून ते कामाला लागले. त्यांना थांबवलं तर त्यांचं काम करायला दुसरं कोणी नाही.

हे मी सुरुवातीच्या वर्षांत चुकून शिकले. तेव्हा आम्ही सगळ्यांनाच पोटाचा श्वास शिकवायचो, पोटावर वाळूची पिशवी ठेवून. एक निवृत्त एसटी चालक माझ्याकडे यायचे, फार कष्टाळू, सांगितलेलं सगळं मन लावून करणारे. दोन आठवड्यांनी म्हणाले, "ताई, तुमचा व्यायाम केला की मला तासभर बोलता येत नाही." मी त्यांना आणखी सराव करायला सांगितला. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा सदरा काढून नीट पाहिलं, तर दर श्वासाला बरगड्या आत जात होत्या आणि मी त्या पिशवीने त्यांचं ओझं वाढवत होते. आजार सौम्य असेल, श्वासपटलाला हलायला जागा असेल, तर पोटाच्या श्वासाचा उपयोग होतो. नुसत्या घाबरण्याने छाती आवळणाऱ्या तरुण माणसाला तर फार चांगला होतो. पण बरगड्या आत जाणाऱ्या रुग्णाला तो लादला की श्वासाची मेहनत आणि धाप दोन्ही वाढतात. तुमच्या वडिलांनी "जमत नाही" म्हटलं ते हट्टाने नाही. त्यांचं शरीर खरं सांगत होतं.

आता अंघोळ आणि सदरा. चालताना न लागणारी धाप हात वर करताना का लागते, हे घरच्यांना कळत नाही आणि मग "फिरायला जमतं आणि अंघोळीलाच कसा दम लागतो" असं बोललं जातं. छातीचे आणि खांद्याचे मोठे स्नायू हाताला एका टोकाने आणि बरगड्यांना दुसऱ्या टोकाने धरलेले आहेत. हात स्थिर असला तर ते बरगड्या उचलू शकतात. हात हवेत असला तर ते हात उचलण्यात गुंततात आणि श्वासाची मदत बंद होते. सगळा भार पुन्हा त्या सपाट श्वासपटलावर. तांब्या डोक्यावरून ओतणं, केस विंचरणं, दोरीवर कपडे वाळत घालणं, माळ्यावरचा डबा काढणं, ही कामं अशा रुग्णाला अर्धा किलोमीटर चालण्यापेक्षा जड जातात.

म्हणून पहिला बदल न्हाणीघरात करा. प्लास्टिकचं घट्ट उभं राहणारं स्टूल ठेवा, पाणी वर उचलावं लागणार नाही अशा उंचीवर बादली किंवा हँडशॉवर असू द्या, डोक्यावरून घ्यायचं पाणी तुम्ही घाला. सदरा पुढून बटणं असलेला. दाढी टेबलासमोर बसून, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून. हात वर न्यायचाच असेल तर श्वास सोडता सोडता न्यायचा.

धाप लागली की ते आपोआप पुढे वाकून गुडघ्यांवर हात टेकत असतील. टेकू द्या. ताठ बसा, छाती उघडेल, असं म्हणू नका. हात टेकले की खांदे स्थिर होतात आणि तिथले स्नायू बरगड्या ओढायला मोकळे होतात. पुढे वाकल्याने पोटाचा भार श्वासपटलाला खालून वर ढकलतो, परातीला पुन्हा थोडा वाडग्याचा आकार येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे सोडणं. नाकाने हलका श्वास, खोल नको. मग ओठांचा चंबू करून, बशीतला गरम चहा फुंकतो तसा हळू सोडायचा. आत घ्यायला जितका वेळ लागला त्याच्या साधारण दुप्पट. ओठांपाशी अडवल्याने नलिकांमध्ये मागे थोडा दाब राहतो आणि त्या लवकर मिटत नाहीत, जास्त हवा बाहेर पडते. पोट दाबून, जोर लावून सोडायचा नाही. जोर लावला की छातीतला दाब त्याच कमकुवत नलिकांना बाहेरून चिमटतो आणि हवा आणखी अडकते. हा फरक समजावून सांगायला मला एकेका रुग्णाबरोबर अर्धा तास लागतो आणि तो वेळ मी कधी वाचवत नाही. चालताना दोन पावलांत घ्यायचा, चार पावलांत सोडायचा, असा ताल बहुतेकांना बसतो. वडिलांना जो सोसेल तो त्यांचा.

घरोघरी असतं ते तीन रंगीत गोळ्यांचं यंत्र तुम्हीही आणलं असेल, तर ते बाजूला ठेवा. ते मुख्यतः शस्त्रक्रियेनंतर न उघडणाऱ्या फुफ्फुसासाठी आहे. गोळ्या वर जातात त्या हवेच्या वेगाने, स्नायूच्या ताकदीने नाही. भरलेल्या छातीत जोराने आणखी हवा ओढून वडिलांना काही मिळणार नाही. श्वासाच्या स्नायूंची ताकद वाढवणारं वेगळं उपकरण असतं. त्यात स्प्रिंगचा अडथळा असतो. ते उपयोगी पडतं, पण ताकद खरोखर कमी असलेल्यांना जास्त. आधी तोंडाने जास्तीत जास्त किती दाबाने ओढता येतं ते मोजायचं, साधारण त्याच्या ३० टक्क्यांपासून सुरुवात करायची आणि आठवड्यागणिक वाढवायची. मोजमाप न करता ऑनलाइन मागवून सुरू करू नका.

त्याऐवजी पायांवर भर द्या. विचित्र वाटेल, पण सरावलेले पाय तेवढ्याच कामाला कमी हवा मागतात, म्हणून श्वास संथ राहतो आणि हवा कमी अडकते. पल्मनरी रिहॅबिलिटेशनचा, म्हणजे फुफ्फुसाच्या रुग्णांसाठी देखरेखीखाली व्यायाम आणि माहिती देणारा, कार्यक्रम जवळपास असेल तर नाव घाला, साधारण ८ आठवडे चालतो. नसेल तर खुर्चीतून उठबस आणि रोजचं चालणं, मध्ये थांबत. चालायला निघण्यापूर्वी इन्हेलर कधी घ्यायचा ते डॉक्टरांना विचारा.

ओठ निळसर पडले, एका दमात दोनतीन शब्दच निघू लागले, ते गुंगीत गेल्यासारखे किंवा गोंधळल्यासारखे वाटले, तर श्वासाचे व्यायाम करत बसू नका, तडक रुग्णालय गाठा. घरी ऑक्सिजन असेल तर त्याचा प्रवाह आपल्या मनाने वाढवू नका. अशा अनेक रुग्णांसाठी डॉक्टर रक्तातल्या ऑक्सिजनचं ८८ ते ९२ टक्क्यांचं लक्ष्य ठेवतात, कारण जास्त दिल्याने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो.

शेवटचं काम पुढच्या तपासणीआधी करा. वडिलांचा सदरा काढून, बाजूने, फोनवर अर्धा मिनिट चित्रीकरण करा, एकदा बसलेले असताना आणि जमलं तर एकदा उताणे झोपलेले असताना. झोपल्या झोपल्या लगेच जीव घाबरा होत असेल, श्वास घेताना पोट वर येण्याऐवजी आत जात असेल, सकाळी डोकं दुखत असेल आणि दिवसभर पेंग येत असेल, तर श्वासपटल किंवा त्याची नस खरोखर दुबळी असण्याची शंका घ्यावी लागते. ही नस मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या मज्जातंतूमुळांपासून निघते. स्वप्नं पडतात त्या झोपेत मान आणि बरगड्यांचे स्नायू ढिले पडतात आणि जवळजवळ एकटं श्वासपटल श्वास ओढत असतं, म्हणून त्याची कमतरता आधी रात्री उघडी पडते. ते तपासायला बसून आणि झोपून अशी दोनदा स्पायरोमेट्री करतात, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन किती हवा फुंकून बाहेर काढता येते ते यंत्रावर मोजतात. झोपल्यावर त्या हवेत सुमारे १० टक्क्यांपर्यंतची घट चालते, ३० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असेल तर पुढच्या तपासण्या लागतात. तपासणीच्या खोलीत पाच मिनिटांत, अंगावर सदरा असताना, हे दिसत नाही. तुमच्या फोनवरच्या त्या अर्ध्या मिनिटात दिसेल.